ट्रामचा रूळ आणि पायी चालणारा

१४ ऑक्टोबर १९५४ च्या संध्याकाळी दक्षिण कलकत्त्यात रस्ता ओलांडताना कवी जीवनानंद दास ट्रामखाली सापडले आणि २२ तारखेस रुग्णालयात वारले. पुढील वर्षी त्यांच्या 'श्रेष्ठ कविता' या संग्रहास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. तो अपघात की आत्मघात, यावर बंगालीत पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. त्या वादात आम्हांस शिरावयाचे नाही. मात्र त्यात सर्वांची दृष्टी कवीच्या मनाकडे जाते, रुळाकडे कोणाची जात नाही, हे आम्हांस खटकते.

पोलादावर पोलाद फिरते तेव्हा घर्षण अल्प होते. म्हणूनच दोन घोडे गाडीभर माणसे ओढू शकत. २४ फेब्रुवारी १८७३ रोजी सियालदहहून आर्मेनियन घाटाकडे निघालेली कलकत्त्याची पहिली ट्राम घोड्यांचीच. आपल्या मुंबईची ९ मे १८७४ ची, तीही तशीच. परंतु ज्या गुणामुळे गाडी सहज चालते, त्याच गुणामुळे ती चटकन थांबत नाही, आणि बाजूला तर वळूच शकत नाही. घोडा निदान माणूस पाहून बुजतो. १९०२ साली कलकत्त्यास वीज आली, १९०७ साली मुंबईस, आणि तो बुजरेपणाही गेला.

यावर त्या काळच्या यंत्रज्ञांनी काढलेली तोड पाहण्यासारखी आहे. गाडीच्या तोंडाशी एक लोंबती चौकट. तिला काही लागले की मागे चाकांपुढे धरलेले सूप रुळावर आपटे आणि पडलेल्यास उचलून घेई. माणूस पडणार हे गृहीतच! तो पडू नये म्हणून ओलांडण्याची जागा कशी असावी, हा विचार मागाहून आला. बार्सिलोनात ७ जून १९२६ रोजी स्थापत्यकार गौदी ट्रामखाली आले. कपड्यांवरून लोकांनी त्यांना भिकारी समजले, आणि १० तारखेस ते गेले.

आज नव्या ट्रामच्या नगरांत कित्येक ठिकाणी कठड्यांमधून वाट नागमोडी नेतात, म्हणजे पादचाऱ्याचे तोंड येणाऱ्या गाडीकडे आपोआप वळते. एक ट्राम गेली की मोकळे झाले असे समजून पाऊल टाकणाऱ्यास समोरून येणारी दुसरी गाठते, त्यावर हा साधा उपाय. त्यास ना वीज लागते, ना शिपाई.

कलकत्त्यात २०२४ साली राज्य सरकारने एस्प्लनेड-मैदान एवढा मार्ग वगळून ट्राम बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. कारण दिले ते वाहतुकीच्या कोंडीचे.