मेजाचा पृष्ठभाग : एक दुर्लक्षित साधन

जुन्या इंग्रजी मेजाचा आरशासारखा पृष्ठभाग पाहून त्याचा काळ ठरविण्याचा मोह अनेकांस होतो. तो टाळावयास हवा. अठराव्या शतकातील कित्येक मेजांवरील झळाळी वस्तुतः एकोणिसाव्या शतकातील आहे.

थॉमस शेरेटनच्या १८०३ च्या ‘कॅबिनेट डिक्शनरी’त साध्या लाकूडकामास झिलई देण्याची रीत दिली आहे. जवसाचे तेल कठीण लाकडावर आठवडाभर, मऊ लाकडावर दोन दिवस मुरू द्यावयाचे. मग विटेची बारीक पूड टाकून फडक्याने घासावयाचे. तेल व पूड यांचे लुकण बनते, आणि ते दीर्घकाळ घासल्यानेच तेज येते. हे तेज पुढे टिके ते नोकरांच्या मेहनतीवर. डाग पडल्यास पुन्हा तेल, पुन्हा घासणे. लाकूड खरवडण्याचे सहसा कारण पडत नसे.

१८२० च्या सुमारास इंग्लंडात ‘फ्रेंच पॉलिश’ रूढ होऊ लागले. त्यातील मुख्य द्रव्य म्हणजे हिंदुस्थानातून जाणारी लाख. लाकडावरील तिचा उपयोग युरोपास अज्ञात नव्हता. गोव्यात राहून गेलेल्या लिन्स्कोटेनने आपल्या १५९६ च्या ग्रंथात कातकामाचे वर्णन केले आहे : फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते. सावंतवाडीच्या लाखकामाचे तत्त्वही हेच. परंतु मेजाची सपाट फळी चरकावर चढविता येत नाही. तिच्यासाठी लाख वितळविण्याऐवजी मद्यार्कात विरघळवून बोळ्याने थरावर थर द्यावा लागतो. फ्रेंच पॉलिशचे मर्म, माझ्या मते, या साध्या अडचणीत आहे.

नव्या रोगणास स्वच्छ, सपाट लाकूड लागे. म्हणून जुना पृष्ठभाग खरवडला जाई. सुरीचे चरे, शाईचे डाग, हातांच्या वावराने आलेली झीज, म्हणजे घरातील व्यवहाराचा सारा पुरावा, त्या भुशाबरोबर गेला. शिवाय लाखेस ऊष्मा, पाणी व मद्य सोसत नाही. गरम भांड्याखाली पांढरी वलये उमटतात. जेवणाच्या मेजांवर तेलाची जुनी रीत दीर्घकाळ टिकली ती यामुळेच. आणि जेथे ती सुटली तेथे पृष्ठभाग पुनःपुन्हा नवा करणे ओघाने आले.

म्हणून अशा मेजाची परीक्षा करताना वरची फळी शेवटी पाहावी. आधी ते उलटे करावे : फळीची खालची बाजू, खणांचे अंतर्भाग, सांध्यांतील कोपरे येथे खरवडणाऱ्याचा हात क्वचितच पोचलेला असतो.