पुसण्याचे नियम : ठाणे-कल्याणच्या तारांपासून संगणकाच्या जाळ्यापर्यंत

रविवारी डोंबिवलीहून दादरला निघालेल्या माणसाला मेगाब्लॉक म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. पण गाड्या थांबलेल्या असताना तारेखाली नेमके काय चालते, याकडे आपण सहसा पाहत नाही. ते पाहिले तर आजचा एक प्रश्न समजायला मदत होते. संगणकांचे चालू जाळे काढून टाकण्याची आज्ञा यंत्राच्याच हाती द्यायची असेल, तर त्या आज्ञेची माहिती कशी लिहावी?

मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. तारेत १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. १९३० पर्यंत हे जाळे कल्याणपलीकडे दोन्ही घाटांपर्यंत गेले. पुढे २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह सोयीचा ठरला. तेवढीच शक्ती पोहोचवायला त्यात सुमारे सतराव्या हिश्श्याइतकाच प्रवाह लागतो. तारेतील उष्णतेच्या रूपाने होणारी हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती फार घटते. तेव्हा जुने जाळे हटवायचे ठरले.

पण ते एका रात्रीत हटवता येईना, कारण त्यावर रोज लाखो माणसांचा प्रवास अवलंबून होता. म्हणून आधी दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या आणल्या आणि मग एकेक टप्पा बदलला. ठाण्यापलीकडचा कल्याणकडील भाग आधी बदलला. ठाणे ते लोकमान्य टिळक टर्मिनस हा भाग जानेवारी २०१४ मध्ये, तेथून छत्रपती शिवाजी टर्मिनसपर्यंतचा भाग जून २०१५ मध्ये आणि हार्बर मार्ग एप्रिल २०१६ मध्ये बदलला. जुन्या जाळ्यावर अवलंबून असलेले आधी सोडवायचे आणि जाळे शेवटी काढायचे, हा क्रम येथे ध्यानात ठेवावा.

तारेवर काम करण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. वीज बंद असल्याचे नुसते ऐकून कोणी तारेला हात लावत नाही. नियंत्रकाशी निरोपांची देवाणघेवाण होते, आणि तो निरोप खरा असल्याची खूण म्हणून खासगी क्रमांक दिला जातो. कोणत्या खांबापासून कोणत्या खांबापर्यंत काम करायचे, ते लेखी ठरते. दोन्ही बाजूंना तार जमिनीशी जोडली जाते. सर्व माणसे दूर झाल्याचा निरोप आल्याशिवाय वीज सोडत नाहीत.

आता संगणकाकडे वळू. युनिक्स प्रणालीची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे. तीत प्रत्येक आज्ञेला ठरावीक साचा होता : नाव, वापरण्याची रीत, वर्णन आणि उणिवा. फाईल काढून टाकणाऱ्या 'आरएम' या आज्ञेलाही तोच साचा होता. ही पुस्तिका माणसासाठी लिहिलेली होती. वाचणारा थांबेल, विचार करेल, शेजाऱ्याला विचारेल, हे त्यात गृहीत होते. जानेवारी १९९७ मध्ये वेबच्या संदेश-नियमांत आणखी एक कल्पना मांडली गेली : 'काढून टाक' ही विनंती एकदा केली काय किंवा तीच पुन्हा केली काय, परिणाम एकच असावा. उत्तर वाटेत हरवले तर विनंती पुन्हा पाठवता यावी, हा त्यामागचा हेतू.

ऑगस्ट २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने भाड्याच्या संगणकांभोवती ग्राहकाला स्वतःचे खासगी जाळे आखून देणारी सेवा सुरू केली, आणि जून २०१६ मध्ये या कंपनीचे मुंबई केंद्र चालू झाले. असे जाळे एका आज्ञेने काढता येते. मात्र त्यात उपजाळी किंवा संगणक शिल्लक असतील, तर सेवा ती आज्ञा नाकारते. रेल्वेचाच क्रम येथे यंत्रात बांधलेला आहे. त्या आज्ञेला 'कोरडी चाचणी' हा पर्यायही आहे. पण तो केवळ परवानगी आहे की नाही, एवढेच तपासतो. जाळे काढणे सुरक्षित आहे, असे तो सांगत नाही. माहितीत हा भेद स्पष्ट लिहिला नाही, तर वाचणारा फसेल.

आणि आता वाचणारा बदलला आहे. माणसाने सांगितलेले काम स्वतः पायऱ्या ठरवून पार पाडणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारकांना अशी साधने जोडण्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये एक खुला करार प्रसिद्ध झाला. मार्च २०२५ च्या आवृत्तीत साधनाला शेरे जोडण्याची सोय आली : हे फक्त वाचते की बदल करते, हे नाश करते का, पुन्हा चालवले तर परिणाम तोच राहतो का. बदल करणाऱ्या साधनाबद्दल काहीच सांगितले नसेल, तर ते विनाशकारी मानावे, असा नियम आहे. भरवशाच्या ठिकाणाहून न आलेल्या शेऱ्यावर विसंबू नये, असेही तो करार सांगतो. शेरा म्हणजे कुलूप नव्हे.

ही काळजी काल्पनिक नाही. जुलै २०२५ मध्ये 'काही बदलू नकोस' अशी सूचना असूनही एका कारकाने चालू माहितीसाठा पुसल्याची घटना गाजली. साठा परत आणता येणार नाही, असेही त्याने सांगितले होते. ते चूक निघाले.

आमच्या मते अशा साधनाच्या माहितीत पाच गोष्टी हव्यात : नेमके काय जाईल, आधी काय सोडवावे लागेल, परत मिळेल का, नकार आल्यास काय करू नये, आणि होकार कोणाचा हवा. चौथी गोष्ट बहुधा सुटते. जाळे काढायला नकार आला म्हणून त्यातले चालू संगणकच आधी काढून टाकणे, हा 'उपाय' कारकालाही सुचू शकतो. पाचवी मात्र नुसती लिहून भागत नाही. रेल्वेत खासगी क्रमांक दुसऱ्या माणसाकडून येतो, काम करणारा तो स्वतःच ठरवत नाही. येथेही होकाराची किल्ली कारकाच्या हाती नसावी.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. 'प्रयोगशाळेतील विजेचा परिपथ सुटा करा' याच्या सूचना विद्यार्थ्यांना लिहायला सांगाव्यात. दुसऱ्या गटाने काहीही न विचारता त्या अक्षरशः पाळाव्यात. परिपथ साध्या टॉर्चच्या सेलवरचाच घ्यावा. काय लिहायचे राहिले, ते विद्यार्थ्यांना आपोआप कळेल.