परतीच्या वाटेवरील कलम



चालकांनी मला कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलावयास सांगितले आहे. मी तोच इतिहास सांगणार आहे. मात्र तो गिरणीतला नसून अमेरिकेतील बास्केटबॉलच्या मैदानावरचा आहे. लक्षावधी डॉलर मिळवणारे हे खेळाडू कसले कामगार, असे आपल्या मनात येईल. माझ्याही आले होते. पण कामगार ओळखायचा तो पगाराच्या आकड्यावरून नव्हे. आपण कोठे राबावे हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या हाती किती, हे पाहिले पाहिजे.

तेथील एनबीए या लीगमध्ये पूर्वी कराराची मुदत संपली तरी खेळाडूवरचा मालकाचा हक्क संपत नसे. ठेवला तर राहायचे, दुसऱ्या संघाला दिला तर मुकाट्याने निघायचे. बॉस्टनचा खेळाडू बॉब कूझी याने १९५४ साली युनियनचा पाया घातला. पुढे १९६४ च्या जानेवारीत बॉस्टनलाच निवडक खेळाडूंचा सामना दूरचित्रवाणीवर दिसणार होता. पेन्शनचे वचन मिळेपर्यंत खेळाडू खोलीतून बाहेर आले नाहीत, आणि ते वचन त्यांनी मिळवले. १९७० साली युनियनचा अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन याच्या नावाने लीगवर खटला गुदरला गेला. १९७६ साली तडजोड झाली व तो जुना हक्क ढिला पडला. मुदत संपलेला खेळाडू हळूहळू आपला धनी आपण निवडू लागला.

मालकांनी मग दुसरा बांध घातला. १९८३ च्या करारात खेळाडूंना उत्पन्नाच्या ५३ टक्के वाट्याची हमी मिळाली. बदल्यात प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली. १९८४-८५ च्या हंगामात ती ३६ लक्ष डॉलर होती. या मर्यादेतून एक गंमत निघाली. मर्यादा ओलांडलेल्या संघाला मोठ्या पगाराचा परका खेळाडू हवा असेल, तर साधारण तेवढ्याच पगाराचे करार त्याने समोर टाकले पाहिजेत. म्हणजे खेळाडूचा खेळ बाजूला राहिला आणि त्याचा करार हे तराजूत टाकायचे वजन झाले.

अशाच एका वजनाची गोष्ट सांगतो. झिद्रुनास इल्गाउस्कास हा लिथुआनियाचा उंचापुरा खेळाडू १९९६ पासून क्लीव्हलंड संघाचा होता. पायाच्या दुखापतींनी त्याचे हंगामच्या हंगाम खाल्ले, तरी तो उठून पुन्हा उभा राहिला. २०१० च्या फेब्रुवारीत क्लीव्हलंडला वॉशिंग्टनचा अँटवान जेमिसन हवा होता. तराजूत वजन म्हणून चौतीस वर्षांच्या इल्गाउस्कासचा करार टाकला गेला. वॉशिंग्टनला खर्च कमी करायचा होता. त्यांनी त्याला एकही सामना न खेळवता मोकळे केले, आणि मार्चमध्ये तो क्लीव्हलंडला परतला. क्लीव्हलंडने नव्या खेळाडूंच्या निवडीतला पहिल्या फेरीचा एक हक्क मात्र दिला. एरवी जेमिसनही मिळाला आणि जुना गडीही घरी आला.

हे प्रथमच घडत नव्हते. २००५ साली गॅरी पेटन बॉस्टनहून अटलांटाला दिला गेला आणि काही दिवसांतच बॉस्टनला परतला. त्याच वर्षीच्या करारात, हंगाम चालू असता अशा खेळाडूने जुन्या संघात येण्यापूर्वी तीस दिवस थांबावे, अशी अट आली. तरी २००८ मध्ये अँटोनियो मॅकडाइस डेट्रॉइटहून डेन्व्हरला गेला व तेवढे दिवस काढून डेट्रॉइटलाच आला. इतर मालक म्हणू लागले, ही अदलाबदल कागदावरची आहे.

२०११ च्या १ जुलैला मालकांनी टाळेबंदी पुकारली. ती ८ डिसेंबरपर्यंत चालली आणि ८२ सामन्यांचा हंगाम ६६ वर आला. खेळाडूंचा उत्पन्नातला वाटा ५७ टक्क्यांवरून ५० च्या आसपास उतरला. सगळ्यांचे डोळे त्या आकड्यावर होते. त्याच करारात एक लहानसे कलम बसले: दुसऱ्या संघाला दिलेल्या खेळाडूला त्या संघाने मोकळे केले, तर जुन्या संघाने त्याला लगेच घेऊ नये. अदलाबदलीला एक वर्ष होईल, किंवा त्याचा मूळ करार संपल्यानंतरची १ जुलै येईल, यांपैकी जे आधी घडेल तोवर थांबावे. २०१७ व २०२३ च्या करारांतही हे कलम राहिले.

आता न्यायाने पाहू. लटकी विक्री थांबली पाहिजे, हे मला मान्य आहे. नाहीतर स्पर्धेला अर्थ उरत नाही. शिवाय हे कलम जुन्या हक्कासारखे लादलेले नाही. त्यावर युनियनची सही आहे. पण युक्ती कोणाची होती? दोन मालकांची. अडली कोणाची वाट? ज्याला न विचारता तराजूत टाकले त्याची. इतर बहुतेक संघांची दारे त्याला उघडी असतात; हमखास बंद असते ते एकच, ज्या गावी त्याचे बिऱ्हाड आणि मुलांची शाळा असते त्या गावचे.

हे मी उंचावरून सांगत नाही. एका कारखान्यात महागाई भत्त्यासाठी आम्ही मध्यरात्र उलटेपर्यंत वाटाघाटी केल्या. भत्ता मिळाला, पेढे वाटले. शेवटच्या पानावर बदलीचे कलम होते: दुसऱ्या शाखेत गेलेल्याला दोन वर्षे मूळ खात्यात परत घेऊ नये. पुढल्याच वर्षी एका फिटरची बदली झाली. आजारी आईला घरी ठेवून तो परगावी राहिला. मूळ खात्यात जागा रिकामी झाली, तेव्हा तो मजकडे आला. मी कलम काढून वाचले. खाली माझीच सही होती. त्याला काय सांगावे हे मला सुचेना.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. रकमेचे पान सगळेच वाचतात. आपला माणूस परत कोणत्या वाटेने येईल, ते ज्या पानावर लिहिलेले असते ते पान आधी वाचा, आणि मगच सही करा.