सी भाषेतील ‘फाइलचा शेवट’ : नवशिक्यांच्या एका चुकीची ऐतिहासिक मीमांसा

प्रस्तावना :
फाइलमधील गुण वाचून त्यांची बेरीज व सरासरी काढणे, हा सी भाषेच्या प्रात्यक्षिकांतील एक परिचित अभ्यास होय. नवशिक्यांच्या अशा प्रोग्राममध्ये शेवटची नोंद दोनदा मोजली जाण्याची चूक वारंवार आढळते आणि ती निष्काळजीपणाच्या खाती जमा होते. प्रस्तुत लेखात या चुकीचे मूळ प्रोग्रामिंग भाषांच्या इतिहासात शोधले आहे.

चुकीचे स्वरूप :
फाइलमध्ये ४०, ५५ व ६० हे गुण स्वतंत्र ओळींवर आहेत असे मानू. बेरीज १५५ व सरासरी ५१.६७ येणे अपेक्षित आहे. विद्यार्थी ‘एफईओएफ’ या फंक्शनच्या साहाय्याने ‘फाइल संपली नसेल तोपर्यंत वाचा’ अशी अट घालतो. चौथ्या फेरीत वाचन अयशस्वी होते. परंतु व्हेरिएबलमध्ये जुनेच ६० शिल्लक असल्याने ते पुन्हा मिळवले जातात. परिणामी बेरीज २१५ व सरासरी ५३.७५ येते. विशेष म्हणजे, शेवटच्या ६० नंतर नव्या ओळीचे चिन्ह नसेल तर हाच प्रोग्राम अचूक उत्तर देतो. म्हणूनच दोष सहजासहजी उघड होत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
निक्लाउस विर्थ यांच्या पास्कल भाषेत (१९७०) फाइलचा पुढील घटक आधीच डोकावून पाहिला जातो. त्यामुळे वाचनापूर्वीच शेवट कळतो. विद्यार्थ्याची अट याच कल्पनेशी जुळते. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडवलेली सी भाषा मात्र युनिक्ससोबत वाढली. युनिक्समध्ये फाइल, टर्मिनल आणि १९७३ मध्ये आलेला ‘पाइप’ यांचे वाचन एकाच रीतीने होते. टर्मिनलवर बसलेला मनुष्य पुढे काही टंकित करणार की नाही, हे वाचण्याचा प्रयत्न केल्याविना समजणे शक्य नाही. म्हणून सी भाषेत ‘एफईओएफ’ भविष्य सांगत नाही. आधीचे वाचन शेवटाला पोहोचले होते की नाही, एवढेच ते कळवते.

कर्निघन व रिची यांच्या १९७८ च्या ग्रंथातील पहिल्याच प्रकरणात अक्षरे, ओळी व शब्द मोजणारे प्रोग्राम आहेत. त्यांत वाचनाची क्रियाच लूपच्या अटीत ठेवलेली आहे. त्याच न्यायाने, ‘एफस्कॅनएफ’ने एक मूल्य वाचल्याचे कळवले तरच बेरीज करावी, एवढी दुरुस्ती वरील प्रोग्रामला पुरेशी ठरते.

निष्कर्ष :
सदर चूक ही केवळ अनवधानाची नसून दोन भिन्न संकेतांच्या सरमिसळीतून उद्भवणारी आहे. दुरुस्त ओळ फळ्यावर लिहून दिल्याने प्रोग्राम सुधारेल. तथापि, शेवट आधी का कळत नाही हे उलगडून सांगितल्यास विद्यार्थ्याची समज सुधारेल. अध्यापनात भाषेच्या इतिहासाला स्थान असावे ते याचसाठी.