सकाळची बोटं

मसुऱ्यात आमच्या घरी नारळ खोवायचं काम आतेकडे असे. एका पावसाळ्यानंतर तिने आडाळो आईकडे सरकवला तो कायमचा. तेव्हा तिचं वय अडतीस. पहाटे चुलीवरच्या कोमट पाण्यात दोन्ही हात बुडवून ती बराच वेळ बसून राही. विचारलं तर म्हणे, "सकाळची माझी बोटां माझी नसतत." लावणीच्या चिखलात आयुष्य गेलं, वात धरला, असा निर्वाळा वाडीने दिला. कुणी तेल सुचवलं, कुणी भराडीआईला नवस बोलायला सांगितलं. मी तेव्हा शाळकरी होतो. ते वाक्य मात्र मनातून गेलं नाही, आणि पुढे हाती लागेल ते वाचत गेलो ते बहुतेक त्याच वाक्यामागे.

शोधाची सुरुवात आपल्याकडच्या ग्रंथांपासून केली. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकराने 'रोगविनिश्चय' लिहिला. तो 'माधवनिदान' या नावाने अधिक ओळखला जातो. त्यात आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे. हात, पाय, घोटे, गुडघे अशा अनेक सांध्यांना सूज येते आणि विंचू डसल्यासारख्या वेदना होतात, असं वर्णन माधवकर करतो. हाच आजचा ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिस, असं अनेक जण ठामपणे लिहितात. मला तसं म्हणवत नाही. सांधे सुजवणारे आजार अनेक आहेत, आणि रक्ततपासणी नसलेल्या काळातल्या वर्णनावर आजच्या रोगाचं नाव चिकटवणं धोक्याचं. मात्र अनेक सांधे एकत्र सुजतात, हे तेव्हाच्या वैद्यांनी नेमकं टिपलं होतं, एवढं नक्की.

पुढचा टप्पा पॅरिसचा. सालपेत्रिएर हे तिथलं गरीब स्त्रियांचं मोठं रुग्णालय. ऑगस्तँ लान्द्रे-बोव्हे या तरुण डॉक्टरने १८०० साली आपल्या प्रबंधात तिथल्या नऊ रुग्णांच्या सांधेदुखीचं वर्णन केलं. नऊही स्त्रिया. त्या काळात सांध्यांचा नावाजलेला आजार म्हणजे गाउट, आणि तो खात्यापित्या घरच्या पुरुषांचा समजला जाई. डॉक्टरांचं लक्षही तिकडेच. गरीब बायकांची दुखणारी बोटं हा वेगळा आजार असू शकतो, हे म्हणायला कुणीतरी त्यांच्या खाटेशी बसावं लागलं. 'ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव पुढे १८५९ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉडने दिलं.

नाव मिळालं तरी कारण मिळायला जवळजवळ शंभर वर्षं गेली, आणि त्या वाटेत एका मोठ्या माणसाचा दबदबा आडवा आला. १९०१ च्या सुमारास जर्मनीत पाउल एरलिख आणि युलियस मॉर्गेनरोथ यांनी बकऱ्यांना दुसऱ्या बकऱ्यांच्या रक्तपेशी टोचल्या. परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली, स्वतःच्या पेशींविरुद्ध नाही. शरीराला स्वतःवर विष सोडण्याचं भय असतं, असं एरलिखने म्हटलं आणि त्या भयाला 'हॉरर ऑटोटॉक्सिकस' हे लॅटिन नाव दिलं. असं विष तयारच होत नाही, असं त्याचं म्हणणं नव्हतं. ते आपल्यावर चालू नये याची शरीर काही तजवीज करतं, एवढाच त्याचा रोख होता. वाचणाऱ्यांनी अर्थ घेतला तो 'असं घडूच शकत नाही' हा. १९०४ मध्ये व्हिएन्नात डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी रुग्णाचं रक्त स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडतं, हे दाखवलं. १९१२ मध्ये हाकारू हाशिमोतोने थायरॉइडच्या गाठींत शिरलेल्या पांढऱ्या पेशींचं वर्णन केलं. दोन्ही गोष्टी अपवादांच्या फडताळात पडून राहिल्या.

ते फडताळ उघडलं १९५६ साली. अमेरिकेत बफेलो इथे नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांना त्यांच्याच थायरॉइडचा अर्क टोचला, तर सशांच्या शरीराने स्वतःच्या ग्रंथीवर हल्ला केला. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉइट, डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हाशिमोतो आजाराच्या रुग्णांच्या रक्तात तशीच प्रतिपिंडं सापडली. आपलं शरीर आपल्यालाच परकं मानू शकतं, हे आता नाकारता येईना. आतेचं वाक्य मला इथे पुन्हा ऐकू आलं.

प्रयोगशाळेने कारण दाखवलं, पण असे रुग्ण किती आणि कुठे, हे तिथे बसून कळत नाही. त्यासाठी दारोदार जावं लागतं. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी 'कॉपकॉर्ड' हा उपक्रम सुरू केला. गावातल्याच स्वयंसेवकांनी घरोघरी प्रश्न विचारायचे, दुखणं सांगणाऱ्यांना वेगळं काढायचं, मग डॉक्टरांनी तपासायचं, अशी त्याची साधी रीत. महाराष्ट्रात पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९१ मध्ये ही रीत भिगवणला नेली. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं, आज उजनीच्या पाण्यातल्या रोहित पक्ष्यांमुळे माहीत असलेलं हे गाव. तिथे ४०९२ प्रौढांची पाहणी झाली. त्यांतल्या ७४६ जणांना, म्हणजे शेकडा १८ जणांना, हाडं, सांधे, स्नायू यांचं काही ना काही दुखणं होतं. बहुतेकांचं दुखणं झिजेचं किंवा स्नायूंचं. ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिस निघाला सुमारे अर्धा टक्का लोकांत. दिल्लीजवळ बल्लभगडच्या खेड्यांत डॉ. मालवीय यांच्या पाहणीत हेच प्रमाण पाऊण टक्क्याच्या आसपास आलं, तर ल्युपस लाखात तीनच्या घरात.

अर्धा टक्का म्हणजे किरकोळ वाटेल. पण हजार प्रौढांच्या गावात ती पाच माणसं होतात, आणि त्यांत बायका अधिक. ऱ्हुमटॉइडमध्ये पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट, ल्युपसमध्ये तर दहातल्या नऊ. संप्रेरकं, दोन एक्स गुणसूत्रं अशी कारणं शास्त्रज्ञ तपासत आहेत. आमच्याकडे मात्र बाईचं दुखणं चिखल, बाळंतपण आणि वय या तिघांवर ढकललं की चौकशी संपते. भिगवणचे आकडे मसुऱ्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण अठरा जणांच्या दुखण्यात हा आजार असलेला अर्धा माणूस लपून जातो, हे दोन्ही गावांत सारखंच. तो शोधायचा तर सगळ्यांना विचारावंच लागतं.

ऱ्हुमटॉइड ओळखायचे अमेरिकी संघटनेचे १९८७ चे निकष मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पहिल्याच ओळीशी थांबलो. सकाळी सांधे निदान तासभर आखडलेले असणं, हा सातांतला पहिला निकष. पुढे हातांचे सांधे, दोन्ही बाजूंना सारखी सूज. आतेच्या रक्ताची तपासणी कधी झाली नाही, त्यामुळे तिला हाच आजार होता असं मी लिहिणार नाही. माधवकराबाबत जो संयम पाळला, तोच घरच्या माणसाबाबतही पाळायला हवा. पण पाण्यात हात बुडवून ती किती वेळ बसते, हे कुणी एकदा तरी विचारलं असतं, तर पहिला निकष तिने स्वतःच सांगितला असता. आज हा आजार लवकर ओळखला, मेथोट्रेक्सेटसारखं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेळेत सुरू झालं, तर पुष्कळांची बोटं वाकडी होण्यापासून वाचतात.

आडाळो अजून आमच्या माजघरात आहे. घरी कुणी सकाळी हात चोळत बसलेलं दिसलं की मी विचारतो, किती वेळ आखडतात?