गाविलगडाच्या छायेत : परतवाड्याच्या परिसरातील काही पुरातन स्थळे व आपला धर्मग्राम

ज्युबिलीच्या स्मरणिकेत इतिहास म्हणून जो लेख असतो तो बहुधा देवालयाच्या कोनशिलेपासून सुरू होतो. कोनशिला कोणी बसविली, घंटा केव्हा आली, कोणकोणते धर्मगुरू येऊन गेले, एवढे सांगितले की इतिहास पुरा झाला असे समजण्याचा प्रघात आहे. तो वाईट नव्हे. परंतु ज्या भूमीवर ती कोनशिला बसली तिची हकिकत त्यात येत नाही. आणि येथील ख्रिस्ती माणूस म्हणजे छावणीबरोबर आलेला आणि छावणी उठल्यावर मागे राहिलेला उपरा, असा जो एक समज अधूनमधून कानी पडतो, त्याचे उत्तर कोनशिलेपाशी सापडत नाही. ते शोधावयाचे तर थोडे दूर, आणि थोडे मागे, जावे लागते.

परतवाड्यातून उत्तरेकडे दृष्टी टाकली की सातपुड्याची गाविलगड रांग दिसते. तिचा काळा पाषाण सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणजे बहुतेक सर्व महाराष्ट्राचा जो दगड तोच. पण पूर्वेस बहिरम व सालबर्डीच्या बाजूस हा काळा थर फाटून त्याखालचा कितीतरी अधिक जुना वालुकाश्म उघडा पडलेला आहे, आणि सालबर्डीच्या खडकांत प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी शिळारूप होऊन राहिलेली आढळली आहेत. बहिरमच्या यात्रेस जाणाऱ्या लाखो लोकांपैकी पायाखालच्या दगडाकडे पाहणारे किती असतील? यात्रेत पाहण्यासारखे दुसरे पुष्कळ असते, हेही खरेच.

आता मनुष्याच्या इतिहासाकडे वळू. अचलपूरच्या नैर्ऋत्येस सुमारे दोन कोसांवर चम्मक नावाचे खेडे आहे. तेथे सुमारे 1868 मध्ये ताम्रपट सापडले. ते वाकाटक वंशातील दुसऱ्या प्रवरसेन राजाचे, ख्रिस्तोत्तर पाचव्या शतकातील आहेत. आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी राजाने भोजकट प्रदेशातील, मधुनदीच्या तीरावरील चर्मांक नावाचा गाव एक हजार ब्राह्मणांस दान दिला, असा त्यांतील मजकूर. चर्मांक तेच आजचे चम्मक, यात विद्वानांस शंका नाही.

या दानपत्रातील दोन गोष्टी आम्हांस विशेष वाटतात. एक अशी की दानास अटी घातल्या आहेत. दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी व व्यभिचार करू नये, युद्ध करू नये, दुसऱ्या गावांस उपद्रव देऊ नये. हे पाळतील तोपर्यंत जमीन त्यांची, न पाळतील तर राजाने ती काढून घेतल्यास त्यास चोरीचा दोष नाही. इतक्या स्पष्ट शब्दांत शेजारधर्माची अट घालणारे दानपत्र हिंदुस्थानात विरळाच. दुसरी गोष्ट अशी की दान एक हजारांस दिले असले तरी पत्र्यावर नावे कोरली आहेत फक्त 49. उरलेल्या 951 जणांनी तीच जमीन कसली असेल, तेच पाणी प्याले असेल. परंतु त्यांची नावे तांब्यावर चढली नाहीत, म्हणून ती कोणासही ठाऊक नाहीत. वाचकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडेल.

याच वऱ्हाडात महानुभाव पंथाचे रिद्धपूर आहे. त्या पंथाच्या लोकांनी चौदाव्या शतकात स्थानपोथी म्हणून एक ग्रंथ रचला. श्रीचक्रधरांनी जेथे जेथे वास केला ती गावे, तेथील देवळे, त्यांची दारे कोणत्या दिशेस, एक स्थान दुसऱ्यापासून कोणीकडे, हे त्यात अत्यंत काटेकोरपणे नोंदले आहे. पुष्कळ देवळे पडली, परंतु पोथी राहिली. आणि तिच्या आधारे आजही मनुष्य शेताच्या बांधावर उभा राहून ‘दार येथे होते’ असे सांगू शकतो. प्राचीन स्थळांचा शोध ही पाश्चात्त्यांकडून आलेली हौस आहे असे ज्यांस वाटते त्यांनी ही पोथी एकदा अवश्य चाळावी. डॉ. विष्णु भिकाजी कोलते यांनी ती संपादून सर्वांस सुलभ करून दिली आहे.

गाविलगड पाहिला नाही असा परतवाडेकर क्वचितच. परंतु चिखलदऱ्याची थंड हवा खाऊन, किल्ल्यावर फराळ करून परत येणारे पुष्कळ, आणि दिल्ली दरवाजावरचे शिल्प निरखणारे थोडे. गड आज आहे त्या रूपात बांधण्यास बहामनी सुलतान अहमदशहा वली याने 1425 च्या सुमारास आरंभ केला. पुढे 1488 मध्ये फतेहउल्ला इमादउल्मुल्क याने त्याची दुरुस्ती केली, आणि दोनच वर्षांनी, 1490 मध्ये, तो वऱ्हाडचा स्वतंत्र अधिपती झाला. दिल्ली दरवाजावर जो दोन मस्तकांचा पक्षी आहे, चोचींत व पंजांत हत्ती धरलेला, त्यास गंडभेरुंड म्हणतात. हे चिन्ह कर्नाटकाचे, विजयनगरच्या राजांचे. मुसलमान सुलतानाच्या गडावर ते कसे आले? फरिश्ता लिहितो की फतेहउल्ला हा जन्माने विजयनगरच्या मुलखातील कानडी ब्राह्मणाचा मुलगा. लढाईत बाळपणीच पकडला गेला, मुसलमान झाला आणि वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढला. धर्म, भाषा, मुलूख सर्व बदलले. तरी राजा झालेल्या त्या मनुष्याच्या दरवाजावर जन्मभूमीचा पक्षी बसलाच. शिल्पाचा हा अर्थ अनेक अभ्यासकांनी लावला आहे आणि आम्हांस तो पटतो. परक्या मुलखातून आलेला हा मुलगा वऱ्हाडचा पहिला स्वतंत्र सुलतान ठरला, आणि त्याच्या वंशाने 1574 पर्यंत येथे राज्य केले. त्यास उपरा कोण म्हणेल?

वऱ्हाडचा आणि कॅथोलिक धर्मगुरूंचा पहिला संबंध छावणीतून आला असे सर्वजण धरून चालतात. त्याआधीचा एक दुवा आहे, तो मात्र फारसा कोणी सांगत नाही. 1580 मध्ये अकबर बादशहाच्या बोलावण्यावरून गोव्याहून तीन येशूसंघीय धर्मगुरू फत्तेपूर शिक्रीस गेले. त्यांचे प्रमुख रुडोल्फ आक्वाविवा. त्यांच्याबरोबर आन्तोनिओ मोन्सेरात व फ्रान्सिस्को हेन्रिकेश. बादशहाने आपला पुत्र मुराद यास शिकविण्याचे काम मोन्सेरात यांजकडे सोपविले. मुराद तेव्हा दहा वर्षांचा होता. पोर्तुगीज भाषा आणि ख्रिस्ती नीतीचे पाठ हा पोर त्यांच्याजवळ बसून घेत असे; कट्टर मुसलमान इतिहासकार बदायुनी यानेही या शिक्षणाची नोंद केली आहे, अर्थात नाखुषीने. हाच मुराद पुढे दक्षिणेच्या स्वारीवर आला. चांदबिबीने अहमदनगर लढविले. शेवटी 1596 च्या तहाने वऱ्हाड मोगलांस मिळाले, आणि मुरादने बाळापूरजवळ शहापूर नावाचे ठाणे वसविले. अतिशय मद्यपानाने प्रकृती ढासळून मे 1599 मध्ये, तिशीही न गाठता, तो वारला. धर्मगुरूंच्या शिकवणीतले त्याच्यापाशी काय उरले असेल ते देव जाणे. पण वऱ्हाडावर अंमल केलेला एक राजपुत्र लहानपणी कॅथोलिक धर्मगुरूजवळ धडे गिरवीत होता, ही गोष्ट आपल्या मुलांस शाळेत कोणी सांगत नाही म्हणून येथे सांगितली.

यानंतरची दोनशे वर्षे आम्ही ओलांडतो. निजाम, भोसले व अचलपूरचे नवाब यांच्या कटकटींची हकिकत लांब आहे. डिसेंबर 1803 मध्ये जनरल आर्थर वेलस्ली गाविलगडाखाली आला. कर्नल स्टीव्हन्सनने उत्तरेकडून, लबाडा गावाच्या बाजूने, अवघड डोंगरातून तोफा चढविल्या, आणि 15 डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी देवगाव येथे तह झाला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून नेपोलियनचा पराभव करणारा सेनापती झाला. आणि आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट ही, की 1829 मध्ये इंग्लंडचा मुख्य प्रधान असताना त्यानेच कॅथोलिकांस पार्लमेंटात बसण्याचा हक्क देणारा कायदा संमत करून घेतला. या कायद्यावरून त्याला लॉर्ड विंचिल्सी याच्याशी पिस्तुलांचे द्वंद्वसुद्धा करावे लागले! तो कॅथोलिकांचा प्रेमी होता असे नव्हे. आयर्लंडात यादवी युद्ध पेटेल ही त्याची भीती होती, आणि युद्ध म्हणजे काय हे त्याने गाविलगडाच्या खिंडारातही पाहिले होते.

पुढे निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेचे एक ठाणे अचलपुरास पडले व परतवाड्याची छावणी वाढली. फौजेच्या खर्चापायी 1853 च्या तहाने वऱ्हाडच इंग्रजांच्या कारभारात गेले. तोवर सातासमुद्रांपलीकडून दुसरीही माणसे निघाली होती. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या ॲनेसी नगरात फादर पीटर मेरी मर्मिये यांनी 1838 मध्ये स्थापिलेल्या संघाचे धर्मगुरू 1846 मध्ये विशाखापट्टणास उतरले. त्यांस आपण सरसकट ‘फ्रेंच फादर’ म्हणतो. पण त्यांचा सव्हॉय प्रांत 1860 पर्यंत फ्रान्सचा नव्हताच, तो सार्डिनियाच्या राजाचा होता. पूर्व समुद्रापासून नागपूर, वऱ्हाड व औरंगाबादपर्यंतचा मुलूख या मूठभर डोंगरी माणसांकडे होता. रेल्वे येण्यापूर्वी तो त्यांनी बैलगाडीने, घोड्यावर आणि पायी पालथा घातला. 1887 मध्ये नागपूर निराळा धर्मप्रांत झाला व अलेक्सिस रिकाझ हे त्याचे पहिले महागुरुस्वामी. अमरावतीचा धर्मप्रांत त्यातून 1955 मध्ये निघाला. जोसेफ आल्बर्ट रोझारिओ हे त्याचे पहिले महागुरुस्वामी.

छावणी 1893 मध्ये उठली. फौज गेली, बँड गेला, साहेबांचे बंगले ओस पडले. 1905 मध्ये अचलपूरचा जिल्हाही मोडून अमरावतीत सामील झाला. छावणीबरोबर आलेला धर्म छावणीबरोबर जावयास हवा होता. तो गेला नाही. कारण एव्हाना तो कोणत्याही फौजेवर अवलंबून नव्हता. 1896–97 चा दुष्काळ आणि त्यामागून 1899–1900 चा छपन्न्याचा दुष्काळ यांत पोरक्या झालेल्या मुलांस मिशनांनी पदरी घेतले. मेळघाटात कोरकूंच्या पाड्यांपर्यंत धर्मगुरू पोहोचले. चिखलदऱ्याजवळील मरियमपूर हे नावच काय ते सांगते. कोरकू लोक तर या डोंगरात वाकाटकांच्या ताम्रपटाहूनही जुने असावेत. त्यांची भाषा मुंडा कुळातील, मराठी व हिंदी यांहून सर्वस्वी निराळी. त्यांच्यापैकी जो ख्रिस्ती झाला त्यास उपरा म्हणणाऱ्याने आधी आपल्याच घराण्याचा या मुलखातील प्रवेश कोणत्या शतकातला ते तपासावे.

आता त्या 951 जणांकडे परत येऊ. मध्यप्रांत व वऱ्हाडातील थडग्यांवरील लेखांची एक यादी ओ. एस. क्रॉफ्टन या अधिकाऱ्याने 1932 मध्ये प्रसिद्ध केली. काम मेहनतीचे आहे. मात्र अशा यादीत येतो तो ज्याच्या थडग्यावर कोरीव दगड आहे तोच. म्हणजे कर्नल, कॅप्टन, त्यांची पत्नी, तापाने गेलेले त्यांचे मूल. छावण्यांतील गोव्याचा वाजंत्री, मद्रासकडील स्वयंपाकी, दुष्काळातली पोर, कोरकू आजी, यांच्या कबरीवर दगड नव्हता, लाकडी क्रूस होता. तो वाळवीने खाल्ला.

त्यांची नावे राहतात ती केवळ देवालयाच्या नोंदवहीत. ट्रेंटच्या धर्मसभेने 1563 मध्ये बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदी ठेवणे धर्मगुरूंस बंधनकारक केले, आणि 1614 च्या रोमन विधिग्रंथाने मृत्यूची नोंदही त्यात घातली. जुन्या वह्या लॅटिनमध्ये आहेत म्हणून कोणी भिण्याचे कारण नाही. ‘बाप्तिझावी’ म्हणजे मी बाप्तिस्मा दिला. ‘फिलिउस’ मुलगा, ‘फिलिया’ मुलगी. ‘पात्रिनुस’ धर्मपिता, ‘मात्रिना’ धर्ममाता. एवढे चार-सहा शब्द कळले की पान बोलू लागते. कर्नलाच्या मुलास व पाणक्याच्या मुलास तेथे एकसारखीच ओळ मिळते. प्रवरसेनाच्या पत्र्यावर ज्यांस जागा नव्हती त्यांच्यासारख्यांस येथे जागा आहे.

परंतु तांबे दीड हजार वर्षे मातीत टिकले, कागद टिकत नाही. वऱ्हाडच्या पावसाळ्यात शाई फुटते, उन्हाळ्यात पान ठिसूळ होते, आणि वाळवीस लॅटिन येत नसले तरी चालते. ज्युबिलीच्या निमित्ताने मांडव, रोषणाई व भोजन यांवर खर्च होईल, तो व्हावाही. त्यातलाच थोडा भाग राखून धर्मगुरूंच्या अनुज्ञेने प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे व एक प्रत महागुरुस्वामींच्या कचेरीत ठेवावी. तरुणांनी एखाद्या रविवारी मिस्सा झाल्यावर दफनभूमीत जाऊन ज्या कबरींवर दगड नाही त्या वृद्धांकडून विचारून घ्याव्यात, आणि स्थानपोथीच्या रीतीने लिहून काढाव्यात : फाटकापासून किती पावले, कोणत्या झाडाच्या कोणत्या दिशेस, आत कोण निजले आहे, कोणाची आई, कोणाचा धर्मपुत्र. ज्यांस हे सांगता येते अशी माणसे प्रत्येक पावसाळ्यानंतर एक-दोन कमीच होतात, म्हणून दफनभूमीचे काम वह्यांच्याही आधी हाती घ्यावे.