कसब म्हणजे कमाई

आम्ही शिकलगार. म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तालुक्याच्या गावी बाजारपेठेच्या टोकाला अब्बांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक चाक, एक ऐरण आणि वर चार पत्रे. शिंप्यांच्या कात्र्या, न्हाव्यांचे वस्तरे, खाटकांच्या सुऱ्या, छापखान्यातलं कागद कापायचं लांबलचक पातं, सगळं धारेला आमच्याकडं यायचं.

१९८९ साली मी दहावी झालो. अकरावी-बारावीसाठी ‘किमान कौशल्यावर आधारित व्यावसायिक अभ्यासक्रम’ आमच्या भागात नुकताच आला होता. एवढं लांब नाव कोण घेणार? सगळे ‘एमसीव्हीसी’ म्हणायचे. मी त्यातल्या दुचाकी दुरुस्तीचा फॉर्म भरून घरी आणला. अब्बांनी चाक थांबवलं, फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “शाळंत घातलं ते ह्या लोखंडापासनं सुटावं म्हणून. आन् तू शाळंतनं परत लोखंडाकडंच निघालास? हे तर मी तुला घरी फुकट शिकवलं असतं.”

अब्बा चौथी शिकलेले. पण त्या दिवशी त्यांनी जे विचारलं, त्यात आपल्या शिक्षणातला दीडशे वर्षांचा एक जुना पेच होता, हे मला फार उशिरा कळलं. शाळेनं मुलाच्या हाताला शिकवावं की नाही? आणि शिकवावं, तर ते कोणाच्या मुलाच्या हाताला?

गोष्ट मॅट्रिकपासून सुरू होते. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि १८५९ मध्ये मॅट्रिकची पहिली परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर हे त्या पहिल्याच वर्षाचे मॅट्रिक. ही परीक्षा म्हणजे खरं तर विद्यापीठाचा उंबरठा. पण हळूहळू सरकारी कचेरीची वाटही त्याच उंबरठ्यावरून जाऊ लागली. मग काय, सगळी हायस्कुलं त्या एका परीक्षेकडे तोंड करून बसली.

हे ज्यांनी फार लवकर ओळखलं, त्यांत महात्मा फुले होते. १८८२ मध्ये सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आपलं निवेदन मांडलं. त्यांचा मुख्य आग्रह प्राथमिक शिक्षणाचा, हे आपण जाणतोच. शेती, आरोग्य, हिशेब या रोजच्या उपयोगाच्या गोष्टी मुलांना शिकवा, असं ते सांगतात. हायस्कुलांबद्दल त्यांचं म्हणणं असं, की तिथलं शिक्षण रोजच्या जगण्याच्या कामाचं नाही. त्यातून कारकून आणि शाळामास्तर तेवढे तयार होतात, आणि मॅट्रिकच्या परीक्षेचं शिकवण्यावर नको इतकं दडपण आहे. मुसलमानांची मुलं या शाळांपासून दूर राहतात, हीदेखील नोंद त्याच निवेदनात आहे. ती वाचताना मला नेहमी आमची गल्ली दिसते.

हंटर आयोगाचा अहवाल १८८३ मध्ये आला. त्यानं एक शहाणपणाची शिफारस केली होती. हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन वाटा असाव्यात: एक विद्यापीठाच्या प्रवेशाकडे नेणारी, दुसरी व्यापारउदीम आणि इतर व्यवहारी कामांसाठी मुलांना तयार करणारी. आज आपण ज्याला व्यावसायिक अभ्यासक्रम म्हणतो, त्याचं बी इथं पडलं.

बी पडलं, पण उगवलं फार थोडं. १९०४ मध्ये लॉर्ड कर्झनच्या सरकारनं शिक्षणविषयक ठराव काढला. त्यातच कबुली आहे की, केवळ पुस्तकी अभ्यासक्रम विद्यापीठालाही चालतो आणि सरकारी नोकरीलाही, म्हणून बहुसंख्य मुलं तिकडेच जातात. व्यवहारी विषयांना मागणी नाही. दुसरी वाट काढली खरी, पण ती पुढं कुठं जाते हे कोणी सांगितलं नव्हतं. आईबाप काही वेडे नव्हते. रस्ता पुढं बंद आहे असं दिसलं की कोणी आपली बैलगाडी तिकडं वळवत नाही.

शाळेनं जे केलं नाही, ते शाळेबाहेर थोडंफार होत होतं. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केलं. पुढं चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. व्हिक्टोरिया ज्युबिलीमध्ये यांत्रिक रेखाटन शिकवणारे एक मास्तर होते लक्ष्मणराव किर्लोस्कर. ते नोकरी सोडून बाहेर पडले, लोखंडी नांगर करू लागले आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

आता गंमत पाहा. हे किर्लोस्करांचे नांगर गावोगाव फिरून विकणारा एक उंचापुरा माणूस होता. स्वतः मॅट्रिकपर्यंतही न पोचलेला. त्याचं नाव भाऊराव पाटील. नांगर विकता विकता त्यांनी खेडी पाहिली, खेड्यांतली शाळेबाहेरची पोरं पाहिली. १९१९ मध्ये काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथं सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीला बसली. १९४० मध्ये साताऱ्यालाच महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र महाराष्ट्रभर झाला.

कर्मवीरांनी हंटरच्या कोड्याला दिलेलं उत्तर मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. त्यांच्या मुलांनी विहिरी खणल्या, शेतं कसली, दगड फोडले. पण ते श्रम शिक्षणाच्या जागी आले नव्हते, शिक्षणासाठी होते. कुदळ मारणारा मुलगा संध्याकाळी कंदिलाखाली भूमिती सोडवायचा आणि पुढं कॉलेजात जायचा. हाताची वाट आणि पुस्तकाची वाट त्यांनी वेगळी होऊच दिली नाही.

दुसरं उत्तर वर्ध्यातून आलं. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचं मोफत शिक्षण मातृभाषेतून द्यावं आणि ते एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफावं, अशी कल्पना. तिचा आराखडा करायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, जामिया मिलियाचे प्रमुख आणि पुढं १९६७ मध्ये राष्ट्रपती झालेले. चरखा-तकलीवर सूत काढणाऱ्या ‘नई तालीम’ची ही सुरुवात. मुलांच्या मालाच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा, ही गांधीजींची मोठी अपेक्षा. झाकिरसाहेबांच्या समितीनं मात्र अहवालातच सावध केलं होतं: कमाईची बाजू जड झाली, तर शिक्षणाची आणि संस्काराची बाजू मारली जाईल.

इशारा खोटा नव्हता. पुष्कळ ठिकाणी तकली उरली आणि तालीम गेली. शिवाय एक शंका होतीच, अब्बांच्या प्रश्नासारखी. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कातडं, माती, लोखंड, सूत हेच होतं, त्यांना शाळा हवी होती ती त्यातून बाहेर पडायला. त्यांनाच शाळेनं पुन्हा सूत दिलं, तर त्यांनी काय समजायचं? पांढरपेशाच्या मुलानं चरखा फिरवला की तो संस्कार, आणि विणकराच्या मुलानं फिरवला की त्याचं नशीब? हा सल त्या योजनेतून कधीच गेला नाही.

स्वातंत्र्यानंतर आयोगांची रांगच लागली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगानं बहुउद्देशीय शाळा सुचवल्या. एकाच शाळेत मानव्यविद्या आणि विज्ञान यांच्या जोडीला तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललितकला, गृहविज्ञान असे सात प्रवाह. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं, ज्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, कार्यानुभव सर्वांना आणि माध्यमिक शिक्षणाला व्यवसायाची जोड अशी मांडणी केली. कागदावर उत्तम. वर्गात काय झालं? आमच्या पिढीला ‘कार्यानुभव’ म्हणजे खडू आणि मेणबत्त्या एवढंच आठवतं. परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला जायचा.

१९७५ मध्ये महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा झाली. १९७८-७९ पासून अकरावी-बारावीत द्विलक्षी अभ्यासक्रम आले: नेहमीच्या विषयांबरोबर एक व्यावसायिक विषय, दोनशे गुणांचा. हे चालले, पण कशासाठी? इलेक्ट्रॉनिक्सला गुण चांगले पडतात आणि इंजिनिअरिंगची टक्केवारी वाढते म्हणून. व्यवसायाचा विषय पुन्हा विद्यापीठाच्या दारातली पायरीच झाला.

मग १९८६ चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. उच्च माध्यमिक स्तरावरची दहा टक्के मुलं १९९० पर्यंत आणि पंचवीस टक्के मुलं १९९५ पर्यंत व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे वळवायची, असं ठरलं. ते झालं नाही. १९९२ च्या सुधारित धोरणात टक्के तेच राहिले, साल तेवढं १९९५ आणि २००० झालं. याच धोरणाच्या लाटेत महाराष्ट्रात एमसीव्हीसी आलं, आणि त्याच लाटेत मी.

कवी असल्यामुळे असेल, पण मला तो ‘किमान’ शब्द पहिल्या दिवसापासून टोचला. विज्ञानवाल्यांच्या दारावर कोणी ‘किमान विज्ञान’ लिहिलं नव्हतं. आमच्या कॉलेजात आमचा वर्ग मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. स्नेहसंमेलनाच्या मांडवाची वायर जोडायची असली की आम्हांला बोलावणं यायचं, वक्तृत्वाच्या स्पर्धेला नाही. एकदा फी भरताना खिडकीतल्या बाबूंनी विचारलं, “सायन्सला मार्क पुरले नाहीत का रे?” मला पुरले होते. पण मी काही बोललो नाही.

आणि तरीही सांगतो, मी तिथं जे शिकलो ते पुढं बी.ए.च्या वर्गातही मला कोणी शिकवलं नाही. इंजिन उघडलं, जोडलं, बिघाड कानानं ओळखायला शिकलो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उद्योजकतेचा विषय. त्यात आमचे सर मालाचा, कामाचा खर्च काढायला शिकवायचे. किंमत कशी ठरते, दरपत्रक कसं लिहायचं, यंत्राची झीज कशी धरायची. सरांनी घरचा अभ्यास दिला: ओळखीच्या एका धंद्याचा महिन्याचा हिशेब मांडून आणा.

मी अब्बांच्या दुकानाचा मांडला. चाकाचा दगड किती महिन्यांत झिजतो, विजेचं बिल, तेल, पत्र्याचं भाडं. आणि शेवटी एक रकाना राहिला: मालकाची मजुरी. अब्बांना विचारलं, “तुमची रोजची मजुरी किती धरू?” ते माझ्याकडं बघत राहिले. तीस वर्षं त्यांनी स्वतःची मजुरी कधी धरलीच नव्हती. दिवस संपल्यावर गल्ल्यात जे उरेल ते आपलं, एवढाच त्यांचा हिशेब. बाजारातल्या हमालाचा रोज धरून मी गणित केलं, तर छापखान्याच्या पात्यावर दर वेळी आमच्याच पदरचे पैसे जात होते. धार अब्बांच्या बोटात होती, पण हिशेब कोणी शिकवला नव्हता. ना घरानं, ना शाळेनं.

अब्बा त्या रात्री काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी छापखान्याचा माणूस पातं घेऊन आला. अब्बांनी दर वाढवून सांगितला. तो कुरकुरला. अब्बा म्हणाले, “पोरगं शिकतंय. त्यानं हिशेब घातलाय.” मग माझ्याकडं न बघता त्यांनी चाक सुरू केलं. माझ्या अभ्यासक्रमाला मिळालेली ती पहिली मान्यता.

असो. एक तिसरं उत्तर आपल्याच मातीत सापडतं, आणि त्याचा बोलबाला हवा तेवढा झाला नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतलं संशोधकाचं काम सोडून हा माणूस दुष्काळी गावात आला. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय घडवला. आठवड्यातला एक दिवस हातानं काम: वेल्डिंग आणि बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य. माध्यमिक शिक्षण मंडळाची मान्यता मिळून तो राज्यातल्या इतर शाळांतही गेला. त्यात दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, तो नापासांसाठी काढलेला वेगळा वर्ग नाही. वर्गातली सगळी मुलं तो करतात. दुसरी, शिकवायला गावातला हुन्नरी कारागीरही चालतो. म्हणजे माझे अब्बा तिथं मास्तर होऊ शकले असते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं पुन्हा आकडा घातला: २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाचा परिचय. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडं शिकावं, असंही त्यात आहे. आकडे आपण १९८६ पासून घालतो आहोत. माझी कसोटी साधी आहे. कलेक्टरांचा मुलगा आणि शिकलगाराचा मुलगा एकाच चाकापाशी उभे राहतात का? आणि चाकापासून उठल्यावर दोघांनाही कॉलेजचं दार सारखंच उघडं असतं का? ही दोन उत्तरं ‘हो’ असतील, तर आकडा आपोआप पुरा होईल. नसतील, तर साल पुन्हा पुढं ढकलावं लागेल.

शेवटी एका शब्दाबद्दल. मराठीत हातकामाचे पुष्कळ शब्द फारसी-अरबीतून आले: कारागीर, कारखाना, हुन्नर, आमचं शिकलगार. त्यातलाच एक ‘कसब’. मूळ अरबीत कसब म्हणजे कमाई. मराठीत येऊन त्याचा अर्थ झाला कौशल्य. ‘कमवा’ आणि ‘शिका’, दोन्ही त्या एका शब्दात आहेत. भाषेनं ती कधीच एका घरात नांदवली. शाळेला अजून ते जमायचं आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)